व्हिएतनामातली चप्पल

सिल्वासातल्या एका धाग्याच्या कंपनीत बायकांची झडती पुतळाबाई घेते, हे नव्या कामगार बाईला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि सांगताना आवाज खाली करतात. डबा उघड, पिशवी उलटी कर, अंबाडा सोड. कोणी पदराखाली धाग्याचं रीळ दडवलं असेल तर पुतळाबाईला ते नुसत्या चालीवरून कळतं. तिचं म्हणणं असं, की दिवसभर राबलेली बाई पाय ओढत चालते, आणि जी ताठ चालते तिच्याकडं काहीतरी आहे. आता अशा बाईच्या पोटी जन्म घेणं म्हणजे काय असतं, ते सोनीला विचारा! शाळेच्या दिवसांत घरी यायला जरा उशीर झाला की पोरीची दारातच जबानी.

पुतळाबाई मूळची नंदुरबारकडची. नवऱ्याबरोबर, गोकुळबरोबर, इथं आली. गोकुळ त्याच कंपनीत मशीनवर होता. तो तापाचं निमित्त होऊन गेला आणि कंपनीनं हिला गेटवर झडतीच्या कामाला उभं केलं. गावातल्या आमली भागात, चाळीतल्या एका खोलीत तिनं एकटीनं लेक वाढवली, शिकवली. सोनी आता एका प्लास्टिकच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. आणि ह्याच सोनीनं एक दिवस पाठीवर घ्यायची भलीथोरली बॅग आणून खाटेवर टाकली न् म्हणाली, "माय, मी व्हिएतनामला फिरायला चालली."

व्हिएतनाम कुठं आलं हे पुतळाबाईनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "कोणासंगं?"

"ऑफिसातली रूपाली आहे ना. दोघीच."

रूपालीला घरी बोलावून चहा पाजला, वरून खालपर्यंत न्याहाळलं. "हो मावशी, आम्ही दोघीच," असं त्या पोरीनं तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. पण सोनी गेल्यापासून जे फोटो येत होते त्यांत एकटी सोनीच. रूपाली कुठंय, तर म्हणे ती फोटो काढते. रोज? त्या पोरीला तोंड नाही का स्वतःचं? पुतळाबाईच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. माझी लेक एखाद्या पोराबरोबर गेलीय, आणि मला बनवतेय.

त्या दिवशी सकाळी ड्यूटीला निघता निघता फोटो आला. कसल्याशा शेवयांचा वाडगा, खाली लिहिलेलं, "नाश्ता, मस्त आहे." लेकीचा नाश्ता बघून दुसरी आई खूश झाली असती. हिनं बोटांनी फोटो मोठा केला आणि टेबलाखाली बघितलं. टेबलाखाली सोनीच्या पायाचं बोट दिसत होतं आणि त्या पायात चप्पल होती रबरी, निळी, बाप्याची. चांगली दांडगी चप्पल!

"सापडला," पुतळाबाई मोठ्यानं म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

गेटवर फोन ठेवायला बंदी. बायकांच्या अंबाड्यात बोटं घालणाऱ्या पुतळाबाईनं आज स्वतःचा फोन कमरेला खोचला आणि वर खाकी शर्ट ओढून घेतला. झडती घेणारीची झडती कोण घेणार? फोन थरथरला तशी ती बाथरूमच्या आडोशाला गेली.

"माय, एक घोळ झाला," सोनी म्हणाली. "बॅग बसमध्येच राहिली. मी खाली उतरले होते, तेवढ्यात बस सुटली."

"आणि रूपाली?"

पलीकडं सोनीनं श्वास आत ओढला. "ती... ती पण उतरली होती ना."

"मग तिची बॅग?"

"तिची पण गेली."

"आणि चप्पल कोणाची घातली तू?"

"कसली चप्पल? माय, मी नंतर करते हं फोन."

पुतळाबाईनं आयुष्यभर खोटं बोलणाऱ्या बायका ऐकल्या होत्या. खोटं बोलण्याआधी श्वास आत घेतात, तो तिला ओळखू येतो. तो श्वास आज पोटच्या पोरीच्या गळ्यातून आला. राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. एवढं कोणासाठी, मेलं? कोण तो, की ज्याच्यासाठी मायशी खोटं बोलावं?

दुपारच्या आधी पुन्हा फोन. बसवाल्यांच्या ऑफिसात बॅग घ्यायला निघाली, तर चुकीच्या गाडीत बसली आणि भलत्याच गावाला जाऊन पोचली. पैसे, पासपोर्ट कमरेच्या पाकिटात होते तेवढं नशीब. "कोणाला इंग्लिश येत नाही गं इथं. आणि फोनची बॅटरी संपून राहिली."

"जवळ कोण आहे तुझ्या?"

"माय, तू प्रत्येक वेळी हेच का विचारते?"

"विचारीन! मी माय आहे तुझी. कोण आहे, ते सांग!"

फोन बंद पडला. नंतर लावला तर लागेचना. गेटवरचा सुपरवायझर कल्पेश भला माणूस, त्यानं आपल्या गुजरातीत तब्येतीची चौकशी केली, "मासी, शुं थयुं? तबियत सारी नथी?" ती म्हणाली, काही नाही रे बाबा, डोकं दुखतंय. शिफ्ट सुटली तेव्हा बायका डबे उघडून समोर धरत होत्या आणि ही न बघताच हातानं जा जा करत होती. बायकाच चकित झाल्या.

घरी जाताना किलवणी नाक्याला भाजी घ्यायला थांबली, आणि समोर बघते तर काय! पाणीपुरीच्या गाडीवर रूपाली. सदेह, सिल्वासात, तोंडात अख्खी पुरी! पुतळाबाईनं तिचं मनगट धरलं तसा त्या पोरीला ठसकाच लागला.

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

"चप्पलवाला!"

भर नाक्यावर तमाशा नको म्हणून तिला ओढतच चाळीत आणलं, खाटेवर बसवलं, दार लावलं. रूपाली रडकुंडीला आली होती. "मावशी, देवाशपथ, कोणी नाही. सोनी एकटीच गेलीय. एकटीला तुम्ही सोडलं नसतं म्हणून मी हो म्हटलं. तिकडं रात्रीच्या बसमध्ये चढताना सगळ्यांचे बूट काढून घेतात. वाटेत उतरायचं तर बसवालेच चपला देतात, सगळ्यांना मिळून त्याच. ती त्या घालून बाथरूमला गेली आणि बस निघून गेली."

"खोटं."

रूपालीनं आपला फोन पुढं केला आणि पहाटे आलेला सोनीचा आवाज लावला. सोनी हुंदके देत बोलत होती. रस्त्यावर अंधार आहे, कुत्री आहेत, हॉटेल अजून उघडलं नाही, माझे बूटसुद्धा गेले गं. मला फार भीती वाटतेय. आणि शेवटी म्हणाली, "मायला नको सांगू. मला काय झालं ते ती विचारणारच नाही. कोणासंगं होती, तेच विचारेल."

पुतळाबाई खाली फरशीवर बसली. सकाळपासून ती देवाला विनवत होती, की सोनीजवळ कोणी बाप्या नसू दे. आता ती विनवू लागली, की कोणीतरी असू दे रे बाबा, कोणीही असू दे. परक्या मुलखात पोर परक्या चपलेत एकटी उभी होती, आणि आपण तिचे पाय बघून चोर शोधत होतो! शिव शिव! तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं, रूपालीनं हात धरला.

दिवेलागणीला फोन वाजला.

"माय, मिळाली बॅग! खोलीवर आले. फोन आत्ता चार्जिंगला लावला. सगळं ठीक आहे." आवाज उसना आणलेला, फार आनंदी. "रूपाली आंघोळीला गेलीय."

खाटेवर बसलेल्या रूपालीनं डोळे मिटून घेतले.

"सोने," पुतळाबाई म्हणाली, "रूपाली माझ्यापुढं बसलीय. तू एकटी आहेस ते कळलं मला."

सोनीचा उसना आनंद उतरला.

"रागावली तू?"

"रागावली तर. आल्यावर बघते तुझ्याकडं. दाराला कडी घातली?"

"घातली."

"मग आता रड. पहाटेपासून माझ्यापुढं रडायचं राहिलंय तुझं."

आणि सोनी रडली, लहानपणी रडायची तशी, मोठा आ करून. पुतळाबाईनं तिला एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं "हो माय, हो गं माझी माय" करत ती फोन कानाला लावून बसून राहिली.