पाण्याच्या नळीला बोट लावणाऱ्या बाई

“उंदरांना विचारलंत का?” रजा मागायला गेलं की बाईंचं हे वाक्य ठरलेलं. माझ्या साखरपुड्याच्या रजेलाही तेच. मान वर करायचीसुद्धा तसदी नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला बाईंचा मनापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आमची प्रयोगशाळा होती. उच्चदाबाच्या तारांखाली राहणाऱ्यांच्या शरीरावर काही परिणाम होतो का, हे आम्ही उंदरांवर तपासत होतो. दोन मोठ्या धातूच्या पत्र्यांमध्ये पिंजरे ठेवायचे आणि पत्र्यांना वीज द्यायची. निम्म्या पिंजऱ्यांना वीज, निम्म्यांना नाही.

बाई आमच्या प्रमुख. ठाण्यात टेंभी नाक्याला, देवीच्या मोठ्या उत्सवाच्या ऐन गर्दीत राहायच्या, पण नवरात्रातही त्यांना घर आठवत नसे. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. शेजारच्या कंपनीचा वास सुटला की आम्ही नाकाला रुमाल लावायचो आणि बाई म्हणायच्या, “उंदरांनी लावलाय का रुमाल?”

तरी मी टिकलो, कारण विजेतले उंदीर रोडावत होते. माझा पीएचडीचा प्रबंध त्यावरच उभा होता. आईनं तर डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगभर ‘मुलगा डॉक्टर होतोय’ सांगून टाकलेलं. खालच्या मजल्यावरचे काका गुडघा दाखवायला आले होते.

एका दुपारी बाई पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या त्या उठेचनात. मला बोलावलं.

“हा पाणी पितोय का बघा.”

“पितोय की, मॅडम.”

“नाही. तोंड लावतोय आणि पळतोय.”

त्यांनी आत हात घालून बाटलीच्या स्टीलच्या नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग मलाही लावायला लावलं. टाचणी टोचावी तसा चटका बसला.

“ह्यांना पाणी पितानाच चटका बसतोय. म्हणून पीत नाहीयेत, म्हणून वजन घटतंय. सगळं रद्द करा. काचेच्या नळ्या लावून पहिल्यापासून.”

“मॅडम, माझा प्रबंध संपत आलाय. कोणाला कळणारे?”

“मला कळलंय. आता तुम्हालाही.”

वरच्यांनी नव्या प्रयोगाला पैसे दिले नाहीत. हातातोंडाशी आलेला घास गेला तो गेलाच. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या सामोशांना मी हातही लावला नाही. पुढं वर्षाच्या आत त्या वारल्या.

नंतर आलेले साहेब भले गृहस्थ. त्यांनी जुनी रीडिंग पाहिली आणि मला समोर बसवलं. “अरे, हे तर तयारच आहे. सादर कर, मी सही करतो. बाई काही आता विचारायला येत नाहीत.”

मी होच म्हणणार होतो. आईचा चेहरा डोळ्यांपुढं होता. पण बोटाला तो चटका जसाच्या तसा आठवला आणि तोंडातून निघालं, “साहेब, ते उंदीर तहानलेले होते.”

साहेबांनी मग तो विषय काढला नाही. घरी येऊन मी बाईंना मनसोक्त शिव्या घातल्या. काका अजून जिन्यात भेटले की मला डॉक्टर म्हणतात, आणि मी खाली बघून जिना चढतो.