मोहाच्या झाडाखालची जागा

माझ्या जुन्या भागीदाराने मला फसवलं. गोंडपिपरीच्या रस्त्यावरची उताराची जमीन त्याने मला विकली, पण तिच्यावरचं मोहाचं झाड दुसऱ्याचं आहे हे सांगितलं नाही. आमच्याकडे जमीन एकाची आणि मोह दुसऱ्याचा, ही जुनी रीत. मी लाकडाच्या धंद्यात वर आलेला माणूस. बोलणी करताना बांधावरचा दगडही सोडत नसे, पण झाडाबद्दल विचारायचं राहून गेलं.

एका सकाळी मी झाड पाडायला आरा घेऊन माणसं आणली. शेजारच्या गावातली एक म्हातारी बाई टोपली घेऊन आली आणि सरळ बुंध्याशी बसली.

"काऊन भाऊ, आमचा मोह पाडून राह्यले?"

"जमीन माझी आहे, बाई!" मी ओरडलो.

"जमीन असन तुमची. मोह मले सासूनं देल्ला."

"किंमत बोला."

"झाड नेता त सासूलेही घेऊन जा. लई कटकटी होती, तुमचं जमन तिच्यासंग."

आरेवाले हसले. मीच तेवढा हसलो नाही.

माझं घर बांधायला नागपूरहून आणलेला तरुण आर्किटेक्ट सगळं ऐकत होता. त्याने बाईला विचारलं, फुलं कुठवर पडतात? ती पायाने जमिनीवर रेघ ओढत झाडाभोवती फिरली. दुसऱ्या दिवशी त्याने नकाशा दाखवला, तर घर त्या रेघेबाहेर! मला सपाट जागेवर खांबांचा बंगला हवा होता. सपाट जागा नेमकी मोहाखालीच. मी त्याला वाटेल ते बोललो. तो कागद गुंडाळत म्हणाला, "तसा बंगला हवा असेल तर दुसरा माणूस बघा."

मी दुसरा माणूस बघितला नाही. घर उताराने खाली उतरत गेलं; खालच्या खोलीचा स्लॅब म्हणजे वरच्या खोलीची गच्ची, आणि मोठ्या काचांमधून सगळं रान आत. एवढं देखणं घर मी बल्लारपुरातही पाहिलं नव्हतं. चैत्रात बाई फुलं वेचायला येते, तेव्हा मी गच्चीवरून बघत बसतो.

आता तो भागीदार पाहुण्यांना घर दाखवायला आणतो आणि सांगतो, "झाड ठेवायला मीच सांगितलं होतं." परवा हे बाईच्या समोर बोलला. ती माझ्याकडे बघत राहिली.

घर चांगलं झालं म्हणून तो सुटत नाही. त्या सकाळी बाई थोडी उशिरा आली असती, तर मोह आडवा झाला असता, तोही माझ्या हातून. त्याने तिच्यासमोर उभं राहून सांगावं: झाड तिचं आहे हे माहीत असताना आपण गप्प का बसलो.