गुलाबी पडलेला फोटो

मंडळी, हुबळीत फोटो छापायला बसल्यापासून असा दिवस आला नव्हता.

सकाळी कलघटगीहून एक अक्का आल्या. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना तापानं गेली. तिचा एकच ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो, तोही कसर लागून चाललेला. स्कॅन करून छापला. आमचा प्रिंटर करडा रंगही रंगीत शाया मिसळूनच काढतो, त्यामुळे फोटोवर गुलाबी झाक आली.

अक्का बघतच राहिल्या. मी म्हटलं, "थांबा, चुकलाय," आणि टरकन फाडून टोपलीत टाकला.

पाच कागद वाया घालवले. शेवटी रंगीत शाया बंद करून, नुसत्या काळ्या शाईवर स्वच्छ करडा फोटो निघाला. हट्टच होता माझा. उन्हात नेऊनही तपासला, कुठं रंगाचा ठिपका नाही.

अक्कांनी तो बराच वेळ हातात धरला.

"अण्णा, सकाळच्या फोटोत तिचे गाल तिचेच होते. ह्यात ती गेल्यासारखी दिसते."

"परत तसा काढून देतो," मी म्हटलं.

"इरलि बिडु, असू दे." त्यांनी टोपलीतले तुकडे एकेक करून वेचले, पदरात बांधले आणि बस धरायला गेल्या.

न चुकलेला फोटो माझ्या टेबलावरच राहिलाय. सांगा, त्याचं काय करू?