समोरच्या गॅलरीतला डिस्को

माझी फजिती ऐकायचीय? मग आधी चहा घ्या. मधे थांबलो तर पुढचं सांगायचं धाडस व्हायचं नाही.

मी मूळचा कबनूरचा. घराला लागूनच यंत्रमाग. त्या खडखडाटातच झोपायचो, त्यातच उठायचो. पुढं नोकरीसाठी कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेतली आणि तिथली शांतता मला खायला उठली. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, कुलूप काढायचं. आणि मग? बोलणार कुणाशी?

त्यात मला एक नाद लागला. जुनी परदेशी फंक, डिस्को, इलेक्ट्रो गाणी. तीही गाजलेली नव्हेत हं. एखादी तबकडी काढून गायब झालेले बँड असतात ना, त्यांची गाणी शोधून कुणीतरी एका सीडीवर भरतं, तसले संग्रह. त्यातला तो मशिनी ठेका सुरू झाला की मला घरचे माग आठवायचे. चौकातला कॅसेटवाला माझ्यासाठी मुंबईहून सीड्या मागवायचा आणि अख्ख्या कोल्हापुरात तुम्ही एकटेच गिऱ्हाईक म्हणायचा. ऑफिसात एकदा ऐकवलं, तर साहेबांनी टेप बिघडलाय का म्हणून विचारलं.

अशात एका संध्याकाळी मी सीडी लावली, आणि समोरच्या इमारतीतून तसलंच गाणं आलं. अहो, अगदी तसलंच! आधी भास वाटला. माझं बंद केलं, तर थोड्या वेळानं तेही बंद. परत लावलं, तर तेही लागलं. समोर कुणीतरी नवीन राहायला आलं होतं, आणि त्याला माझीच आवड होती.

झालं. मी आवाज वाढवला की तिकडूनही वाढायचा. मी संग्रहाचा दुसरा भाग लावला, चार-आठ दिवसांत तिकडं दुसरा भाग. जुगलबंदीच म्हणा ना. मी ऑफिसातून पळत घरी यायला लागलो. भांग पाडून मग सीडी लावायचो, बोला! आपल्याला दोस्त मिळाला म्हणून ऑफिसभर सांगितलं. साहेब म्हणाले, मुलगीही असेल. ते मात्र डोक्यात बसलं.

शेवटी एका रविवारी माझी सगळ्यात लाडकी गाणी निवडून एक सीडी भरून घेतली. वर स्केचपेननं ‘समोरच्या गॅलरीस सप्रेम’ असं लिहिलं. नवा शर्ट घातला, पेढे घेतले आणि जिना चढलो.

दार उघडलं ते कांबळेकाकांनी. एसटीतले रिटायर कंट्रोलर. घरात ते एकटेच. मी समोरचा, गाणी लावणारा, असं सांगितलं.

“या,” ते म्हणाले. “लई दिवस वाट बघतोय तुमची.”

मला भरूनच आलं. बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीवर बसलो आणि सुटलो. गावात कुणाला हे कळत नाही, मी किती एकटा होतो, तुम्ही आलात आणि कशी सोबत झाली, सगळं ओकलो.

मग काका म्हणाले, “पावणं, माझी हयात स्टँडवर गेली. भोंगे आणि लाऊडस्पीकर. रिटायर झालो, मालकीण बी गेली. म्हटलं, आता निवांत बसावं. तर समोर तुमी.”

“मग तुम्ही लावता ते?”

“त्या कॅसेटवाल्याला म्हटलं, समोरचं येडं ऐकतंय तेच मला भरून दे. त्येला बी कळू दे की, कसं वाटतंय ते. तर मी वाढवलं की तुमी आनि वाढवणार. मला वाटलं, माणूस लईच हट्टी हाय.”

त्यांनी चहा टाकला. आम्ही दोघांनी एकेक पेढा खाल्ला. निघताना सीडी त्यांच्या टेबलावर ठेवली. परत कशी न्यायची? सोमवारी जाऊन हेडफोन घेतला.

तेव्हापासून संध्याकाळी दोन्हीकडं सामसूम. गॅलरीत दिसलो तर एकमेकांना हात करतो, तेवढंच.

पण एक राहिलं. त्यांच्या गॅलरीत पारव्यांनी उच्छाद मांडला होता. काकांनी माझी ती सीडी दोऱ्यानं टांगली. पारवे पळाले. आणि मावळतीचं ऊन तिच्यावर पडलं की तिचे रंगीत कवडसे थेट माझ्या खोलीत येतात, भिंतीवर गरागरा फिरतात. चांगला पंधरा-वीस मिनिटं डिस्को चालतो. मी हेडफोन लावून मधे उभा असतो. परवा तर थोडा नाचलोही. वळून बघतो तर काका गॅलरीतून टक लावून बघत होते. आत गेले आणि दार लावून घेतलं.

त्यांना तर गाणंही ऐकू येत नव्हतं हो.