व्याह्यांच्या बाथरूममधला समुद्र

दगडकाकाच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून तिच्या सासरच्यांनी त्याला बाथरूमची फरशी चाटायला लावली, अशी कुजबुज एके काळी गल्लीभर होती. सांगणारा आवाज खाली आणायचा, ऐकणारा खुर्ची पुढे ओढायचा, आणि दोघांचाही चहा गार व्हायचा.

दगडकाका म्हणजे संग्रहालयातल्या भूशास्त्र विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच, त्यामुळे प्रमुखपदाला स्पर्धा नव्हती. आता दगड ओला केला की त्याचे कण, रंग, आत अडकलेले शंखशिंपले लख्ख दिसतात. पण उजाड डोंगरावर प्यायला पाणी पुरत नाही, तिथे दगडाला कोण घालणार? म्हणून या धंद्यातली माणसं सरळ जीभ लावतात. दगडकाकाची जीभ इतकी सोकावली होती की बसथांब्याचा कठडासुद्धा तिच्या तावडीतून सुटला नव्हता.

घरात बाप-लेक दोघंच. मुलीचं आणि मुलाचं आपापसांत केव्हाच जमलं होतं. अडलं होतं ते फक्त मुलाच्या आईच्या होकारापाशी. या बाई रुग्णालयात मेट्रन. त्यांच्या वॉर्डात जंतूसुद्धा दारावर टकटक करून येतात, असा लौकिक.

"बाबा, आज एकही दगड चाटायचा नाही. शपथ घ्या," मुलीने दारातच बजावलं.

"घेतली गं. मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर कडेवर घेऊन तोंड दाबलं असतं."

मुलाकडच्या बैठकीत दगडकाका शहाण्यासारखा बसला. बिस्किटं खाल्ली, हवापाण्यावर बोलला. मग हात धुवायला म्हणून उठला आणि तिथेच घात झाला. बाथरूमची फरशी करड्या चुनखडीची, आणि बेसिनखाली एका लादीत गाजरासारखी निमुळती, काळपट आकृती! त्याने नळ फिरवला. नळाने नुसता उसासा टाकला. सकाळपासून टाकी धुवायला काढलेली. बाहेर जाऊन पाणी मागावं, तर लेक नजरेनेच ओळखणार. दगडकाकाने मनाशी न्याय केला: शपथ दगडाची घेतली आहे, ही तर फरशी. आणि तो गुडघ्यांवर बसून वाकला.

कडी लावायची राहिली होती. टॉवेल द्यायला आलेल्या मेट्रनबाईंनी दार ढकललं, तर होणारे व्याही जमिनीला जीभ लावून वाकलेले!

बाईंच्या किंकाळीने बैठक बाथरूममध्ये भरली. मुलीने कपाळाला हात लावला. दगडकाका तसाच बसून म्हणाला, "विहीणबाई, हा समुद्र आहे. पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. आणि हा त्यातला प्राणी, माकुळाचा, त्या दहा हातांच्या समुद्री प्राण्याचा, दूरचा खापरपणजोबा म्हणा ना!"

"हा डाग आहे," मेट्रनबाई कडाडल्या. "यांनी सांडलेल्या कलपाचा! नवी फरशी बसवली तेव्हापासून, दोन वर्षं घासतेय मी."

मुलाच्या वडिलांचे कान टवकारले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे केस कावळ्याला लाजवतील असे काळे, आणि दोन वर्षं त्या डागावरून घरात रोज खटला उभा राही. ते धावत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आले आणि त्यांनी ते लादीवर ओतलं. काळ्या गाजरात एकामागे एक पांढरे पडदे उमटले, सुबक कप्पे दिसू लागले.

"असे कप्पे पाडून कलप सांडतो का हो कुणी?" दगडकाका म्हणाला.

"बघ! पंचेचाळीस कोटी वर्षं!" वडील जवळजवळ नाचले. "मी तेव्हा कुठे होतो? व्याही, या घरात आज पहिल्यांदा मला न्याय मिळाला!" (केस काळे कसे, हा प्रश्न त्या गडबडीत राहून गेला.)

मेट्रनबाईंनी गुडघे टेकले, चष्मा पुसला, कप्प्यांवरून बोट फिरवलं. नखाने खरवडूनही पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं घासणं कमी पडत नव्हतं."

"अहो, समुद्राला नाही जमलं ते पुसायला!"

बाई उठल्या. मुलीकडे वळून म्हणाल्या, "लग्नाचं ठरलं समज. पण वडिलांना आधी चूळ भरायला सांग."

लग्न झालं. ती लादी अजून तिथेच आहे, आणि तिच्यावर पाय ठेवायची सगळ्यांना परवानगी आहे. मुलाचे वडील मात्र स्वतःच ठेवत नाहीत.

फरशी चाटायला दगडकाकाला कुणीही लावलं नव्हतं. ती त्याने आपणहून चाटली. नळाला पाणी नव्हतं.