खलबत्त्यात कुटलेली खाण

काळ्या मिठाचा पुडा फोडला, की त्या वासासरशी मी लॉकडाऊनमधल्या एका दुपारी ताईच्या कॅसल हिल उपनगरातल्या भाड्याच्या घरामागे जाऊन पोचतो.

मास्क लावून, दीड मीटर लांब बसून दाजी शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या एका खाणीचं कीर्तन करत होते. इंग्रजांच्या काळातली खाण पुन्हा सुरू झाली होती, गारगोटीतली सोन्याची शीर रोज रुंदावत होती, आणि ताईने घरासाठी साठवलेलं सगळं दाजी तिच्यात ओतणार होते. पुरावा म्हणून एजंटाने दिलेला चमचमता दगड त्यांनी टेबलावर ठेवला.

हे सोनं वाटत नाही, असं मी म्हणताच दाजी उसळले, "मेहुणे, पोटात दुखतंय तुमच्या!"

"दाजी, सोनं ठोकलं की चपटं होतं. ताई, खलबत्ता आण!"

मी नाटकातल्या भीमासारखा बत्ता उचलला आणि तीन घाव घातले. खाली काळा चुरा उरला आणि गंधकाचा वास सुटला.

ताईने मास्क खाली करून हुंगलं. "अहो, हा तर चाट मसाला झाला! माझे पैसे राहू देत बँकेत."

दाजी वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. ताईचं घर मी कसं वाचवलं, हे मी अजून रंगवून सांगतो. फक्त एक गोष्ट गाळतो. दगडाचा चुरा पहिल्याच घावात झाला होता. पुढचे दोन दाजींसाठी होते.