काळ्या काठाचा तुकडा

नवी घोंगडी उलगडली की चिंचोक्याच्या खळीचा वास येतो आणि मी पुन्हा सोलापूरच्या त्या कचेरीत जाऊन उभी राहते. उन्हासाठी खिडक्या लावून घेतलेल्या, दारात पट्टेवाला. आई आणि मी माळशिरसहून आलो होतो.

सरहद्दीवर टोळीवाल्यांनी छापा घालून दोन शिपाई धरून नेले होते. एक माझा दादा. दुसरा करमाळ्याकडचा, त्याला घरचं कुणीच नव्हतं. दोघांतला एकच जिवंत होता, पण कोण ते कळत नव्हतं. खूण म्हणून टोळीने त्याच्या घोंगडीचा तुकडा पाठवला होता.

कारकुनाने तो टेबलावर ठेवला. "कुणी ओळखला, तरच सोडवायची बोलणी पुढं जातील. नीट बघा, बाई."

आईने काठावरून अंगठा फिरवला. आमच्या घोंगडीचा काठ तांबडा असे. हा काळा होता. म्हणजे दादा गेला. मला पळून जावंसं वाटलं.

"व्हय," आई म्हणाली, "माज्याच पोराचा हाय." आणि तिने कागदावर अंगठा उठवला.

बाहेर येताच मी तिच्यावर ओरडले, "खोटं का बोललीस?" दुःखाने हिचं डोकं फिरलं, असंच तेव्हा वाटलं. आज तिच्या वयाची झाल्यावर त्या ओरडण्याची लाज वाटते.

आई पदराने शाई पुसत होती. "मी न्हाय म्हनले असते," ती म्हणाली, "तर त्येच्यासाटी व्हय म्हनाया कोन येनार हुतं?"